द्वारका, सेक्टर 21

नोएडात राहून कुणालाही "आम्ही द्वारकेला चाललोय" असं सांगून बघा. समोरचा हात जोडत नाही, की "पुण्यवान आहात" म्हणत नाही. तो विचारतो, "सेक्टर कौन सा?"

दोष त्याचा नाही. दिल्लीच्या नैर्ऋत्येला, विमानतळाच्या पलीकडे, डीडीएने एक अख्खं उपनगर वसवलं. त्या भागाला पूर्वी पप्पनकलां म्हणत. फ्लॅट घेणाऱ्याला सासुरवाडीत पत्ता सांगताना लाज वाटू नये म्हणून असेल, त्याचं नाव द्वारका ठेवलं. मेट्रोची निळी लाइन आमच्या नोएडातून सुटते ती थेट द्वारका सेक्टर 21 ला जाऊन टेकते. त्यामुळे इथल्या माणसाला द्वारका म्हटल्यावर मोक्ष आठवत नाही; राजीव चौकाला बसायला जागा मिळेल का, एवढंच आठवतं.

आम्ही मात्र खऱ्या द्वारकेला निघालो होतो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्याची सहल.

आमची ही मालवणची. माहेरच्या दारातून सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. मी पुण्याचा. मला पाणी म्हणजे खडकवासल्याचं, तेही लांबून आणि हातात भाजलेलं कणीस घेऊन. लग्नानंतर नोकरीने मला दिल्लीला आणलं आणि मी तिला. तेव्हापासून तिची एकच तक्रार आहे. "सगळं आहे हो इथे, पण शहराला कड म्हणून नाही. कितीही पुढे जा, पुढे आणखी दिल्लीच."

आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या भाभीजींनी तिला विचारलं होतं, माहेर कुठलं? हिने ताज्या ताज्या हिंदीत सांगितलं, "हमारा घर बंदर पे है." भाभीजींचा चेहरा पडला. हिला वाटलं, आपला उच्चार कळला नाही. म्हणून जास्त सविस्तर सांगितलं. "बहुत पुराना बंदर है. शाम को सब लोग बंदर पे बैठते हैं." भाभीजींनी हिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हमारे मायके में भी बहुत हैं जी. लंगूर रखवा लो, सब भाग जाएँगे." मराठीतलं बंदर हिंदीत माकड होतं हे हिला त्या संध्याकाळी मी सांगितलं. भाभीजींना अजून कुणी सांगितलेलं नाही. आजही त्या हिच्या आईची चौकशी करताना "अब तंग तो नहीं करते?" असं हलक्या आवाजात विचारतात, आणि ही "नहीं नहीं, अब आदत हो गई" म्हणते.

तर पंचविसावं वर्ष. हिची अट अशी की गाव जुनं हवं, समुद्र हवा आणि देव हवा. माझी अट एकच, पाण्यात उतरायला लावायचं नाही. द्वारका दोघांच्या अटींत बसली. द्वारकाधीशाचं मंदिर, त्यावरचं 52 गजांचं निशाण, गोमती जिथे समुद्राला मिळते तिथून देवळात चढणाऱ्या 56 पायऱ्या, हे सगळं हिने वाचून काढलं. बेट द्वारकेला पूर्वी बोटीने जावं लागे. 2024 च्या फेब्रुवारीत तिथे सुदर्शन सेतू खुला झाला. बोटीत बसायचं नाही हे कळल्यावर माझी भक्ती एकदम वाढली. राजकोटपर्यंत विमान, पुढे गाडी, असं ठरलं.

जाणकार म्हणाले असते की जानेवारीत दिल्लीहून सकाळचं विमान घेऊ नका. पण जाणकारांना आम्ही विचारलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं मात्र होतं. दूधवाला, पेपरवाला, गेटवरचे तिन्ही पाळ्यांचे गार्ड, कचरा नेणारा, हिच्या भजनाच्या ग्रुपमधल्या सगळ्या. भाभीजींनी प्रसाद आणि अकरा गोमतीचक्रं आणायला सांगितली. गोमतीचक्र म्हणजे गोल, चपटी, वर भोवऱ्यासारखी रेघ असलेली शिंपली. इथे ती तिजोरीत ठेवतात, लाल कपड्यात गुंडाळून. "असली वाला लाना जी," भाभीजी म्हणाल्या. पैसे द्यायला लागल्या तर ही "अहो, राहू द्या" म्हणाली. घरातला फ्रिज रिकामा करून, गॅस बंद करून, तुळशीला ठिबकची बाटली लावून आम्ही पहाटे साडेतीनला निघालो.

धुक्याविषयी माझी कल्पना सिंहगडावरची होती. धुकं म्हणजे गरम भजी खाताना आजूबाजूला जे असतं ते. दिल्लीचं धुकं खाण्यापिण्याचं नाही. गाडीचा बॉनेट दिसत नव्हता. ड्रायव्हर पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागून चालला होता आणि ट्रक कुणामागून चालला होता ते त्यालाच ठाऊक. विमानतळावर 6:40 चं विमान आधी 8:30 चं झालं, मग 10:15 चं, मग फलकावर नुसतंच "उशीर" राहिलं, आणि साडेबाराला रद्द. काउंटरवरची मुलगी गोड होती. दुसरं विमान चार दिवसांनी मिळेल म्हणाली. आमची सहलच चार दिवसांची होती.

"घरी जाऊ," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी कुठल्या भलत्या घराविषयी बोलतोय. मग एकेक करून नावं घेतली. दूधवाला. तीन गार्ड. भजनाचा ग्रुप. भाभीजी. "सगळ्यांच्या समोरून बॅगा घेऊन परत जायचं? सकाळी गेलेली माणसं दुपारी तीर्थयात्रेहून परत?"

विमानतळाच्या खालीच एअरपोर्ट एक्स्प्रेसचं स्टेशन आहे. आम्ही तिथे बॅगांवर बसून होतो. वर पाटीवर पुढच्या गाडीचं नाव लागलं होतं आणि आम्ही दोघं एकाच वेळी ते वाचत होतो. विमानतळानंतरचं स्टेशन, द्वारका सेक्टर 21.

"आपण सांगितलं काय होतं?" ही म्हणाली. "द्वारकेला चाललोय, एवढंच ना?"

अशा रीतीने दुपारी एकच्या सुमाराला आम्ही द्वारकेला पोचलो. मेट्रोने, पाच मिनिटांत.

हॉटेल मिळालं. खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या हॉटेलची खिडकी दिसत होती. ही थोडा वेळ पडद्याशी उभी राहिली, मग म्हणाली, "उद्यापासून मला समुद्र दाखवायचा. कसाही. पंचवीस वर्षांत एवढं एकच मागतेय." पंचवीस वर्षांत तिने याशिवाय काय काय मागितलं याची यादी माझ्याकडे आहे, पण ती वेळ यादी वाचायची नव्हती.

संध्याकाळी सेक्टर 12 मधली बावडी बघायला गेलो. लोदी काळातली आहे, सोसायट्यांच्या मधोमध दडलेली, दगडी कमानींची. बावडीत पाणी असतं अशी आमची समजूत होती. हिने वरून आत डोकावून बघितलं. "ओहोटी लागलीये," म्हणाली. नंतर सेक्टर 13 मधल्या इस्कॉनच्या देवळात कृष्णाचं दर्शन घेतलं. खरं सांगायचं तर तिथे मला फार बरं वाटलं. द्वारकेत कृष्णाचं दर्शन झालं होतं. आता कुणी विचारलं तर शपथेवर सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मेहरौली. दिल्लीत राहणारे कुतुबमिनार पाहुण्यांबरोबरच बघतात, आणि पाहुणे दमलेत ना याकडे लक्ष ठेवून लोहस्तंभापाशी पोचेपर्यंत घड्याळ बघायला लागतात. या वेळी आम्हीच पाहुणे होतो, त्यामुळे स्तंभावरच्या लेखाची माहिती सावकाश वाचली. सात मीटरच्या वर उंच, सहा टनांहून जड, सोळाशे वर्षं उन्हापावसात उभा आणि गंज नाही. आमच्या बाल्कनीतली ग्रिल तीन पावसाळ्यांत गेली. लेखात चंद्र नावाच्या राजाची स्तुती आहे. त्याच्या पराक्रमाच्या वाऱ्याने दक्षिणेचा समुद्र अजून दरवळतोय, असं कवीने म्हटलंय.

"दक्षिणेचा समुद्र!" मी हिला ओढत आणून दाखवलं. "बघ, दिल्लीत समुद्र. लोखंडात कोरलेला."

"दरवळतोय?" ही म्हणाली. "सुकट घातली होती वाळत?"

त्या खांबाला पाठ लावून मागे हात गुंफता आले तर मनातली इच्छा पुरी होते, असं पूर्वी लोक मानत. 1997 मध्ये त्याला कुंपण घातलं. माझे हात कधीच पुरले नसते, तेव्हा कुंपणाविषयी माझी तक्रार नाही.

तिथून ई-रिक्षाने जहाज महाल. नाव मीच सुचवलं होतं, हुकमाचा एक्का म्हणून. मेहरौलीच्या बाजारात, हौज-ए-शम्सीच्या काठावर ही लोदी काळातली इमारत आहे. तलावात तिचं प्रतिबिंब पडलं की ती पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजासारखी दिसे, म्हणून हे नाव. तलाव त्याहून जुना, इल्तुतमिशने 1230 च्या सुमारास बांधलेला. आता पाणी हिरवं आणि आक्रसलेलं. त्यात जहाज दिसलं नाही. बिस्किटाचे पुडे आणि एक चप्पल दिसली. ही कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिली.

"आमच्या महाराजांनी समुद्रात किल्ला बांधला," अखेर म्हणाली. "आणि ह्यांनी जमिनीवर जहाज."

मी इतिहासाकडे वळलो. नवऱ्याची बाजू पडली की इतिहास उपयोगी पडतो. सांगितलं की दिल्लीकरांना समुद्र मानवतच नाही. इब्न बतूताचंच बघ. मुहम्मद तुघलकाच्या पदरी दिल्लीत काझी होता, चांगलं चाललं होतं. तुघलकाने त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं. कालिकतपर्यंत गेला, वादळ आलं, नजराण्याचं जहाज बुडालं. बिचारा परत तुघलकाला तोंड दाखवायला आला नाही.

"तोही सगळ्यांना सांगून निघाला असणार," ही म्हणाली.

गुरुवारी फिरोजशहा कोटला. गुरुवारच का, तर त्या दिवशी तिथे जिन तक्रारी ऐकतात. खालच्या अंधाऱ्या खोल्यांमधून लोक मेणबत्त्या, उदबत्त्या लावतात आणि भिंतीतल्या कोनाड्यांत अर्ज ठेवतात. अर्ज म्हणजे शब्दशः अर्ज. नाव, पत्ता, फोटो, विषय, सगळं असतं. कोण जाणे कुठला जिन कामावर आहे, म्हणून झेरॉक्स काढून प्रत्येक कोनाड्यात एकेक प्रत ठेवणारे लोक मी बघितले. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला तिथे घरच्यासारखं वाटतं.

वर, पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीच्या माथ्यावर, अशोकाचा स्तंभ आहे. एक गाइड शाळेच्या पोरांना मोठमोठ्याने सांगत होता, "बच्चो, यह देखो, यह अशोक की लाट है!"

ही थबकली. मान वर करून त्या तेरा मीटरच्या गुळगुळीत दगडाकडे बघायला लागली.

"काय म्हणाला तो?"

"लाट. इथे खांबाला लाट म्हणतात."

ही हसायला लागली. म्हणजे अगदी खाली बसून, पदर तोंडाला लावून. आईला मालवणला फोन लावला. "आये, दिल्लीत लाट गावली गो! एकच हा. दगडाची हा. हलणा नाय." पलीकडून आई काय म्हणाली ते कळलं नाही, पण हिचं हसणं आणखी वाढलं.

गाइडची पोरं गेल्यावर मी त्याला दोन प्रश्न विचारले तर मजेशीर गोष्ट कळली. ही लाट पाण्यातूनच आलीये. फिरोजशहा तुघलकाने ती हरियाणातल्या टोपऱ्याहून उचलली. खाली सावरीच्या कापसाच्या गाद्या घालून आडवी केली, 42 चाकांच्या गाड्यावर चढवली, यमुनेपर्यंत ओढत आणली आणि मोठ्या नावांवर लादून दिल्लीला उतरवली. चौदाव्या शतकात तेरा मीटरची लाट हरियाणातून सुखरूप दिल्लीला पोचते, आणि आम्हा दोघांना राजकोट गाठता येत नाही.

जिनाला अर्ज करायचं हिच्या मनात आलं. विषय, रद्द झालेल्या तिकिटाचे पैसे परत मिळणेबाबत. मी म्हटलं, मराठीत लिहू नकोस, कळायचं नाही. ही म्हणाली, न कळायला काय झालं? महादजी शिंद्यांपासून 1803 पर्यंत इथला कारभार आपल्याकडेच होता ना? एखादा तरी जुना जिन मराठी जाणत असेल. मुद्दा बिनतोड होता. 1803 च्या सप्टेंबरात शिंद्यांच्या फौजेचा इंग्रजांनी जिथे पराभव केला, तिथल्या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सात उभा आहे, आमच्या घरापासून फार लांब नाही. शाह आलमला तख्तावर कुणी बसवलं हे जिनाला माहीत नसेल तर कुणाला? फक्त मी सुचवलं की मोडीत लिही. त्या काळच्या कारकुनांना बालबोध अक्षर वाचायची सवय नव्हती. मोडी दोघांनाही येत नाही, म्हणून अर्ज राहिला.

शुक्रवारी पहाटे मात्र मी खरा डाव टाकला. काश्मीरी गेटजवळ, निगमबोधच्या बाजूला, यमुनेचे घाट आहेत. हिवाळ्यात तिथे सायबेरियाकडून हजारोंनी कुरव येतात. समुद्रावरचे पांढरे पक्षी. धुक्यातून सूर्याचा तांबडा गोळा नुकता वर आला होता, नावाड्याने नाव सोडली आणि हातात शेवेचं पाकीट दिलं. शेव हवेत उडवली की ते सगळे पांढरे पंख डोक्याभोवती गोळा होतात, ओरडतात, एकमेकांच्या चोचीतून ओढून नेतात. मी नावेच्या मधोमध, दोन्ही हातांनी फळी धरून बसलो होतो. ही उभी होती. नावेत उभी! नाव डुलली की ही तिच्याबरोबर डुलत होती, जणू गेल्या पंचवीस वर्षांत मधे काही झालंच नाही.

"हे आमच्याकडे येणारे," ही म्हणाली. "थंडीत बंदरावर असतात. वाटेत इथे मुक्काम दिसतोय." मग त्यांच्यातल्या एकाकडे बोट दाखवून, "तो बघा, पुण्याचा असेल. शेव खात नाही, नुसता नावं ठेवतोय."

यमुनेच्या वासाविषयी मी काही लिहिणार नाही. मुठेकाठच्या माणसाने लिहूही नये. कालिंदीकुंजला धरणाखाली साबणाचा फेस डोंगराएवढा साचतो तेव्हा त्यात उभं राहून लोक फोटो काढतात. लांबून तो समुद्राचा फेस वाटतो, जवळून डोळे चुरचुरतात. घाटावर तसा फेस नव्हता. धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. हिने तेच म्हटलं. "पलीकडचा काठ दिसत नाहीये. बरं वाटतंय."

खरं म्हणजे सहल इथे संपायला हवी होती. पण परतताना ही आयएनए मार्केटपाशी उतरू म्हणाली. "नुसतं बघायचं."

मालवणची बाई मासळी नुसती बघते यावर मी विश्वास ठेवला, यात चूक माझी आहे. बर्फावर पापलेटं होती, कोळंबी होती, आणि एक हातभर लांबीची सुरमई होती. हिने बोटाने कल्ला उचलला. आत लाल. डोळा बघितला. अंगठ्याने पोट दाबलं, खळगा पडला नाही. दुकानदाराने ओळखलं की गिऱ्हाईक हरियाणाचं नाही.

"ताजी है?"

"एकदम फ्रेश, मैडम. कल रात की फ्लाइट से आई है. गुजरात का माल."

आम्ही दोघंही त्या सुरमईकडे बघत राहिलो. आम्ही ज्या किनाऱ्यावर जायला निघालो होतो तिथून ही बया विमानात बसून दिल्लीला आली होती. धुक्यात. वेळेवर. माशाला विमान मिळालं होतं.

"घ्या," ही म्हणाली. "दीड किलो. तुकडे जाड."

"आणि करणार कुठे? हॉटेलात?"

तिने उत्तर दिलं नाही. पिशवीत खालून आणखी बर्फ घालून घेतला. तीन दिवस जिच्या धाकाने आम्ही स्वतःच्याच शहरात लपून फिरलो ती लाज, तो दूधवाला, ते तीन गार्ड, सगळं सुरमईच्या दीड किलोपुढे हलकं पडलं. बॅगा घेऊन आम्ही निळ्या लाइनने नोएडाला परतलो. ठरल्यापेक्षा एक दिवस आधी.

लिफ्टमध्ये आम्ही, दोन बॅगा, ती पिशवी. दार मिटणार इतक्यात बाहेरून हात आला. भाभीजी.

"अरे वाह! आ गए? कैसा रहा द्वारका?"

"बहुत अच्छा," ही म्हणाली. पिशवी तिने माझ्याकडे दिली होती. मी ती पाठीमागे धरली. बर्फ वितळत होता. पहिल्या मजल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत एकेक थेंब लिफ्टच्या लादीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. भाभीजींनी नाक किंचित वर केलं. त्या सात पिढ्यांच्या शाकाहारी. कांदासुद्धा चातुर्मासात नाही.

"कुछ महक रहा है," त्या म्हणाल्या.

"समुंदर की है," ही म्हणाली. "कपड़ों में बैठ जाती है."

भाभीजींनी डोळे मिटले. एक दीर्घ श्वास घेतला. "जय द्वारकाधीश," म्हणाल्या, आणि दोन्ही हात जोडून पिशवीला नमस्कार केला.

त्या रात्री खिडक्या लावून सुरमई तळली. ती उत्तम होती. प्रसाद म्हणून भाभीजींकडे सेक्टर 13 च्या देवळातले पेढे गेले. गोमतीचक्रं मी सोमवारी चांदनी चौकातून आणली. तिथे ती पाकिटाने मिळतात, आणि दुकानदार असली असल्याची शपथ घेतो. ती आता भाभीजींच्या तिजोरीत लाल कपड्यात आहेत. विमानाच्या तिकिटाचे पैसे अजून परत आलेले नाहीत.